मांडावरची बाई, कागदावरची बाई

[दृश्य: पौषातली रात्र. शेणाने सारवलेलं अंगण, कडेला तुळस, बायकांच्या दोन रांगा.]

जेवणंखाणं आटोपतं, भांडी घासून पालथी पडतात, पोरं निजतात आणि वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, बायका एकेक करून मांडावर, म्हणजे गाण्याच्या ठरलेल्या अंगणात, जमू लागतात. दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. एकीचा हात दुसरीच्या कमरेमागे. एक रांग वाकत, गात पुढे येते तशी समोरची मागे सरते. मग ती पुढे, ही मागे. एका रांगेने ओळ टाकायची, दुसरीने झेलायची.

हे धालो. पौषात गोव्यातल्या कितीतरी गावांत ते रात्री चालतात. किती रात्री, ते ज्या त्या गावाच्या रीतीवर. मांडावर राज्य बायकांचं. शेवटच्या रात्री सोंगं निघतात, कुणी पुरुषाचा वेश घेते, लुटुपुटीची पारध होते, काहींच्या अंगात रंभा संचारते. दिवसभर सासू आणि सून म्हणून वावरलेल्या दोघी इथे एकाच रांगेत, एकाच तालात वाकतात.

गीतांत गावचे देव येतात, सीता येते, भाऊ येतो, सासर येतं. भाषा कोकणी, आणि तिच्यात मराठी इतकी मुरलेली की सांधा दिसत नाही. गीत कुणी रचलं, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: आवयन शिकयलें. आईने शिकवलं. तिला तिच्या आईने.

[दृश्य: पणजी, पाटो. कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, कपाटांच्या ओळी.]

स्त्री-साहित्याचा अभ्यास म्हटला की आपण आधी ग्रंथालय गाठतो. गाठायलाच हवं. या ग्रंथालयाची सुरुवात १८३२ सालची आहे आणि गोव्यावर काम करणाऱ्या कुणालाही इथे आल्यावाचून गत्यंतर नाही. पण नुसत्या छापील पानांवर विसंबलं तर गोव्याची बाई फार उशिरा भेटते. शिवाय ती भेटते ती तुकड्यातुकड्यांनी: थोडी मराठीच्या कपाटात, थोडी कोकणीच्या, थोडी पोर्तुगीजच्या. मराठीचा विद्यार्थी आपलं कपाट उघडतो, कोकणीचा आपलं, आणि दोघेही अर्धीच बाई वाचून घरी जातात. आमचं म्हणणं असं की तिला समजून घ्यायचं तर ही सगळी कपाटं एकदम उघडावी लागतील. आणि त्याआधी मांडावर जाऊन बसावं लागेल.

[दृश्य: हस्तलिखित पोथीची पानं.]

मराठीत बाईच्या नावाने आपल्यापर्यंत पोचलेलं सर्वांत जुनं काव्य लग्नातलं आहे. तेराव्या शतकात रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाचा सोहळा मांडला गेला, तेव्हा महदाइसेने धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, गायले, रुक्मिणीच्या स्वयंवराचे. ते उरले, कारण महानुभावांना आपल्या माणसांचं बोलणं-वागणं टिपून ठेवायची सवय होती. तिच्या आसपास लिहिणारी माणसं होती, म्हणून तिचं नाव आज अभ्यासक्रमात आहे. त्याच काळात इतर मांडवांत गाणाऱ्या असंख्य जणींच्या आसपास लिहिणारं कुणी नव्हतं.

लग्नातलं हेच गाणं गोव्यात पुढे सरकारदरबारी पोचलं. ते कसं, हे नीट सांगायला हवं.

[दृश्य: राशोलची सेमिनरी, जुवारी नदी.]

१६१६ साली राशोलला एक ग्रंथ छापला गेला. फादर थॉमस स्टीफन्स हा जेझुइट धर्मगुरू. जन्माने इंग्रज, १५७९ मध्ये गोव्यात आला आणि इथलाच झाला. गोव्याच्या साष्टी तालुक्यातल्या नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांसाठी त्याने क्रिस्तपुराण लिहिलं, मराठीत, दहा हजारांहून अधिक ओव्यांचं. ओवीच का निवडली? कारण ती लोकांच्या कानात होती. पुराण सांगणाऱ्याने कानात घातलेली होती, तशीच पहाटे जात्यावर बसणाऱ्या आईनेही. ग्रंथातली ओवी आणि जात्यावरची ओवी एक नव्हे, हे खरं. तरी ऐकणाऱ्याचा कान तयार झाला तो दोन्हींवर, आणि त्यातली एक पूर्णपणे बायकांची होती.

आता पुढचं शतक. एप्रिल १७३६. गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, एक फर्मान काढलं, ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांनी काय काय करू नये याचं. लग्नात ओव्या म्हणू नयेत. नवरानवरीला हळदीसारखे लेप लावू नयेत. विडा-सुपारी, फुलं वाटू नयेत. घराशी तुळस लावू नये. पुरुषांनी पुडवें (धोतर) नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये. यादी लांबलचक आहे.

हे फर्मान आम्ही स्त्री-साहित्याच्या अभ्यासात वाचायला सांगतो. ते बाईने लिहिलेलं नाही, बाईच्या बाजूचंही नाही. पण ज्याला बंदी घालायची असते त्याला आधी बारकाईने बघावं लागतं. कोण गातं, कुठल्या विधीला गातं, कशाने अंग माखतात, घरात काय पेरतात, सगळं. एरवी ज्या गोष्टींना बायकांच्या भानगडी म्हणून कुणी कागदावर जागा दिली नसती, त्या इथे ओळीने नोंदवलेल्या आहेत. अठराव्या शतकातल्या गोव्याच्या लग्नघरात बायका काय करत होत्या, हे आपल्याला त्यांना गप्प करू पाहणाऱ्यांकडून कळतं.

[दृश्य: साष्टीतलं लग्नघर. पितळेच्या भांड्यात नारळाचा रस.]

आणि त्या गप्प बसल्या का? साष्टी-बार्देशातल्या कॅथलिक घरांत आजही लग्नाआधी रोस होतो. नारळाचा रस काढतात, मुलीला वाड्यावरच्या बायका तो चोपडतात, डोक्यावरून ओततात, आणि जोती म्हणतात. ओव्यांच्या बहिणीच त्या. गीतात क्रूस आला, सायबीण (मारियामाता) आली, चाल आणि प्रसंग राहिले. इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचं बंद झालं. रोस अजून चालू आहे.

[दृश्य: जुनं गोवें, सांता मोनिकाचा मठ.]

याच गोव्यात १६०६ मध्ये सांता मोनिकाचा मठ उभा राहिला, जोगिणींचा म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींचा, आशियातला पहिला म्हणून ओळखला जाणारा. आत लिहितावाचता येणाऱ्या बायका होत्या. त्या मठाचा इतिहास मात्र १६९९ साली लिस्बनला छापला गेला, आणि तो लिहिला एका ऑगस्टिनियन पाद्रीने. त्याच सतराव्या शतकात सह्याद्रीपलीकडे बहिणाबाई आपलं आयुष्य स्वतःच्या अभंगांत सांगत होती. तिसऱ्या वर्षी तिशीतल्या पुरुषाशी लागलेलं लग्न, तुकोबांचा ध्यास, त्यापायी नवऱ्याचा खाल्लेला मार. वेदपुराणं बाईच्या वाऱ्यालाही उभी राहत नाहीत, मग बाईचा देह घेऊन आलेल्या मी परमार्थ कसा साधायचा, असं ती विचारते. पोर्तुगीजांच्या राज्यातली जोगीण आणि देवगावची वारकरी बाई एकमेकींना ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. अभ्यासकाने मात्र दोघींना शेजारी बसवून बघावं. देव जवळ करायला एकीला घर सोडावं लागलं, दुसरीला घरातच मार सोसावा लागला.

[दृश्य: जुनी नोंदवही, पोर्तुगीज अक्षरं.]

एकोणिसावं शतक. गोव्याच्या नागरी कायद्याचं देशभर कौतुक होतं. १८६७ ची पोर्तुगीज संहिता इथे लागू झाली, आणि वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर मालमत्तेत बायकोचा निम्मा हिस्सा धरला जातो. कौतुक रास्त आहे. पण त्याच्या शेजारचा कागदही वाचावा. डिसेंबर १८८० मध्ये हिंदूंच्या रीतिरिवाजांची एक वेगळी संहिता आली. तिच्यात हिंदू पुरुषाला दुसरी बायको करायची मुभा दिली ती कधी, तर पहिलीला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूलच झालं नाही, किंवा तिशी ओलांडेपर्यंत मुलगा झाला नाही तेव्हा. बाईच्या कुशीला कायद्याने मुदत घालून दिली होती. अशा अटी मोठ्याने वाचल्या की त्या काळातल्या व्रतांचा, नवसांचा आणि गाण्यांतल्या पुत्रमागणीचा अर्थ वेगळाच लागतो.

दोन वर्षांनी, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' छापलं गेलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला भ्रूणहत्येबद्दल शिक्षा झाली, वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांना धारेवर धरलं, तेव्हा ताराबाई उखडल्या. जे दोष तुम्ही बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय, असं त्यांनी मुद्द्यामागून मुद्दा काढून विचारलं. आणि मग? पुस्तक विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशित केलं तेव्हा कुठे महाराष्ट्राला ताराबाई कळल्या. छापलेलं पुस्तकसुद्धा नव्वद वर्षं हरवू शकतं. न छापलेल्याची काय कथा.

[दृश्य: फोंडा तालुका, देवळाची दीपमाळ. मागे भैरवी.]

फोंड्यातल्या देवळांभोवती कलावंतांची घरं होती. देवळाच्या सेवेला बांधलेल्या या बायकांना गाणं येत होतं, नाच येत होता, अनेकींना अक्षरओळखही होती. बाहेरून आलेल्या प्रवाशांनी त्यांच्यावर भरपूर लिहिलं, बरंचसं चवीने. या समाजातून वर आलेल्या राजाराम पैंगीणकरांनी 'मी कोण?' हे आत्मचरित्र लिहिलं, ते मराठीत आवर्जून वाचण्याजोगं आहे. बायकांनी स्वतः लिहिलेलं मात्र फारच कमी सापडतं. त्यांची विद्या गळ्यात होती. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, दोघी अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. नावापुढे बापाचं घराणं नाही, गाव आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत जी सोन्याचा मुलामा दिलेली ध्वनिमुद्रिका अवकाशात गेली, तिच्यात केसरबाईंची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे. मोगूबाईंचं कुर्डी साळावली धरणात बुडालं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की गावाच्या खुणा वर येतात. या दोघींना संगीताच्या इतिहासात मान आहे. स्त्री-अभ्यासाच्या वाचनयादीतही त्यांना जागा हवी, कारण ज्या समाजाला प्रतिष्ठितांनी उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्यातल्या बायकांनी मैफलीत अटी स्वतः घालायला सुरुवात केली.

[दृश्य: मडगाव, जुनी छायाचित्रं.]

१९३० साली मडगावला मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष वामन मल्हार जोशी, 'रागिणी' आणि 'सुशीलेचा देव'चे लेखक, म्हणजे शिकलेल्या बाईच्या मनाची घालमेल कादंबरीत आणणारे. १९६४ मध्ये संमेलन पुन्हा मडगावला आलं, अध्यक्ष वि. वा. शिरवाडकर. दोन्ही नावं मोठी. बाईचा प्रश्न व्यासपीठावर पोचला होता, मडगावच्या अध्यक्षपदावर बाई पोचायची होती.

दरम्यान लिहिणाऱ्या बायका नाव बदलून लिहीत होत्या. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं ते विभावरी शिरूरकर या नावाने, आणि ही कोण म्हणून गदारोळ उठला. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. आणि बार्देशातल्या ब्रिटोनाला १९३२ मध्ये जन्मलेल्या एका कॅथलिक मुलीने पोर्तुगीजमध्ये लिहिताना नाव घेतलं विमला देवी. तिचा 'मोन्साँव' हा कथासंग्रह १९६३ चा. त्यात भाटकार (जमीनदार) आहेत, मुंडकार (त्यांच्या जमिनीवर घर करून राहणारे) आहेत, परदेशी गेलेल्यांची वाट बघणाऱ्या बायका आहेत. मराठी वाचकाला ती घरं ओळखीची वाटतील. आपल्याकडे तिला किती जण वाचतात? हा प्रश्न आम्ही तळमळीने विचारतो आहोत, कारण तिच्या कथेतली बाई आणि धालोच्या रांगेतली बाई एकाच तळ्यावर पाणी भरत होत्या.

पुढची वाट ओळखीची आहे. कोकणीत मीना काकोडकर, हेमा नायक यांच्या कथा-कादंबऱ्या आल्या. बांदिवड्याला बरीच वर्षं राहिलेल्या माधवी देसाईंनी 'नाच गं घुमा' हे आत्मचरित्र लिहिलं, आणि संसारातली घुसमट सांगायला शीर्षक घेतलं ते बायकांच्या खेळातल्या गाण्याचं. जयंती नाईक यांनी एकीकडे कथा लिहिल्या, 'अथांग'ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि दुसरीकडे गावोगावच्या बायकांकडून लोकगीतं, लोककथा गोळा केल्या. लिहिणं आणि ऐकून टिपणं ही दोन्ही कामं एकाच बाईने करावीत, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

[दृश्य: घराचा सोपा. एक आजी गाते आहे, समोर मोबाइलवर ध्वनिमुद्रण चालू.]

आता काम कुणाचं? ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात स्त्री-अभ्यास शिकवला जातो, मराठी आणि कोकणीही. तिथल्या मुलामुलींपैकी कित्येकांच्या घरी धालो, फुगडी, ओव्या म्हणणारी आजी आहे. तिचं गाणं मोबाइलवर घेता येतं. पण नुसता आवाज घेऊन भागत नाही. तिचं स्वतःचं नाव विचारा. लग्नात बदललं असेल तर आधीचंही लिहा. माहेरचा गाव आणि सासरचा गाव, दोन्ही नोंदवा, कारण ही गाणी लग्नाच्या वाटेने गाव बदलतात: पेडण्याची मुलगी सत्तरीला दिली की पेडण्याची चालही तिच्यासोबत सत्तरीला जाते. गीत कुठल्या प्रसंगाचं, कुणाकडून शिकली, कुठली ओळ तिने गाळली आणि कुठली आपली घातली, हेही विचारा. घातलेली ओळ सांगताना बऱ्याच जणी लाजतात, 'ती माझीच गो' म्हणतात. तिथे थांबा. ती ओळ वेगळी लिहा आणि तिच्यापुढे तिचं नाव घाला.