आत्याच्या मॉरिसचा नवा टप

हा हातातला तुकडा बघा. जुन्या टपाचा, म्हणजे गाडीच्या घडी करून मिटता येणाऱ्या छताचा आहे, मागच्या काचेच्या कडेचा. बोटाने दाबला की पापडासारखा मोडतो. चार वर्षांपूर्वी इंदूरमधल्याच एका दुकानात हा बसवून घेतला होता, सीट कव्हरला वापरतात तेच रेक्झिन, तोच दोरा, वरून स्टेपल पिना, आणि पहिल्याच पावसात चालवणाऱ्याच्या उजव्या खांद्यावर धार लागली. आत्या तरीही चालवत राहिली, मांडीवर टॉवेल घेऊन.

गाडी मॉरिस मायनर कन्व्हर्टिबल, १९५३ चं मॉडेल, सिरीज टू, ८०३ सीसीचं इंजिन. आजोबांनी सेकंडहँड घेतलेली. मायनर पहिल्यांदा लोकांसमोर आली १९४८ मध्ये, लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या मोटर शोमध्ये, डिझाइन अलेक इसिगोनिसचं, ज्याने पुढे मिनी केली तोच. उघड्या टपाचं मॉडेल पहिल्या दिवसापासून होतं, तेव्हा त्याला टूरर म्हणायचे, आणि ते १९६९ पर्यंत बनत होतं. इंदूरला उघड्या गाड्या नव्या नाहीतच म्हणा, यशवंतराव होळकरांची १९३६ ची ड्युसेनबर्ग एसजे, लंडनच्या गर्नी नटिंगने बॉडी बांधलेली, उघडीच होती. ती कधीच देशाबाहेर गेली. आत्याची मात्र इथेच आहे.

हा मल्हारगंजातला बोळ. आणि हे टप शिवणारे काका. काकांचे वडील टांग्यांचे टप शिवायचे, म्हणून काका अजूनही हूड म्हणत नाहीत, टपच म्हणतात. आता पुढची काही मिनिटं फक्त हात बघा, कारण आम्ही अकरा दिवस कॅमेरा त्या हातांवरच ठेवला होता.

पहिला दिवस उसवण्यात गेला. कात्री कुठेही लावली नाही, एकेक पिन काढून टप अख्खा उतरवला, सगळ्या शिवणी उसवल्या, तुकडे जमिनीवर पसरले आणि खडूने पुढे-मागे, डावं-उजवं लिहून ठेवलं. पण नवीन कापड या तुकड्यांवरून कापायचं नाही. रेक्झिन उन्हात आकसतं. त्याला मऊ ठेवायला आत जे तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं ते वर्षानुवर्षं उडत जातं, मग रेक्झिन कडक होतं आणि आखडतं. मागच्या दुकानात नेमकं तेच झालं होतं, आधीच्या आखडलेल्या टपावरून माप घेतलं, म्हणून नवीन टप बसवला त्या दिवसापासूनच तंग होता आणि सगळा ताण शिवणींवर येत होता.

म्हणून काकांनी मांजरपाट आणला. सांगाडा गाडीवर उभा करून त्यावर मांजरपाट टाचून आधी एक कच्चा टप केला, दोनदा सोडला, तिसऱ्यांदा बसला. इंग्लंडमध्ये या गाडीचा टप तयार शिवून मिळतो, खोक्यात घालून पाठवतात, आत्याने चौकशीही केली होती. पण तयार टप सरळ सांगाड्यासाठी असतो आणि सत्तर वर्षांचा सांगाडा सरळ राहत नाही, हा डावीकडे पाऊण इंच खाली बसलाय. मांजरपाटाला ते कळलं, खोक्यातल्या टपाला कसं कळणार.

सांगाड्याच्या रिवेटा बदलल्या, एक कमान सरळ करून आणली, काचेवर टेकणारी पुढची लाकडी पट्टी कुजली होती ती सागवानाची नवीन केली.

आता हे नीट बघा, ही निवार. खाटेची असते तीच. लोखंडी कमानींना एकमेकींपासून ठरलेल्या अंतरावर धरून ठेवायचं काम निवारीच्या दोन पट्ट्या करतात. टप बसवल्यावर त्या कोणाला दिसत नाहीत, म्हणून मागच्या वेळी बदलल्याच नव्हत्या, आणि त्या झिजून लांबल्या होत्या. निवार अर्धा इंच लांब झाली की कमान मागे झुकते, वरचं कापड तिथे सैल पडतं आणि त्या खळग्यात पाणी साचतं. अर्धा इंच आखूड झाली तर पुढचं कुलूप लागत नाही. काकांनी दोन्ही पट्ट्या आधी कच्च्या टाचल्या, टप चार वेळा उघडून मिटून बघितला, मगच पक्क्या केल्या. सकाळ त्यातच गेली.

कापड मोहेअरचं. नाव अंगोरा बकरीच्या लोकरीचं, पण आज त्या नावाने मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक असतं, वर विणलेलं कापड, मध्ये रबराचा थर, आत सुती अस्तर. पाणी अडवतो तो मधला रबर. म्हणूनच सुई जिथे जिथे जाते तिथे तो फुटतो, आणि टप गळतो तो कापडातून नाही तर शिवणीतून. काकांनी दोरा मुद्दाम वेगळा घेतला, आत पॉलिएस्टर आणि वरून सूत. पॉलिएस्टर ताकद देतं, सूत भिजल्यावर फुगतं आणि सुईचं भोक बुजवतं. तंबूंना असाच दोरा वापरतात. त्यावर मेण चोळलं, शिवण दुमडून दोनदा मारली, आणि दुमड अशी ठेवली की पाणी तिच्यावरून घसरावं, तिच्यात शिरू नये. हा आवाज पायमशीनचा आहे, आम्ही वर संगीत टाकलेलं नाही.

बसवायचा दिवस. मे महिना, बाहेर चाळीसच्या वर, आणि कापड मुद्दाम तासभर उन्हात पसरलेलं, कारण गरम कापड सैलावतं आणि कमानींवर नीट बसतं. आधी मधोमध खडूची रेघ, कापडावर आणि लाकडावर दोन्हीकडे. रेघेला रेघ जुळवून मागे मध्यावर पहिला खिळा. हे बारीक निळे खिळे, यांना चुका म्हणतात. काका त्या तोंडात धरतात आणि जिभेने एकेक पुढे आणतात, हातोडीचं एक टोक लोहचुंबक असतं, ती ओठांजवळ नेली की चूक तिला चिकटते आणि थेट लाकडात जाते, दुसरा हात कापडावरून सुटतच नाही. मध्यापासून डावीकडे एक, उजवीकडे एक, पुन्हा डावीकडे एक. सगळ्या अर्ध्याच ठोकलेल्या, म्हणजे चुकलं तर काढता येतात.

मग पुढची बाजू. टप बंद करून कुलूप लावलं, कापड हाताने पुढे ओढलं, लाकडाच्या कडेला खडू मारला. कुलूप उघडलं, आणि आता खडूच्या रेघेपेक्षा अर्धा इंच जास्त पुढे ओढून रबर सोल्युशनने चिकटवलं. हा जास्तीचा अर्धा इंच म्हणजेच टपाचा ताण, पुन्हा कुलूप लावलं की कापड ढोलासारखं वाजतं. बघा, वाजवून दाखवतायत.

इथे थांबून बघा, डाव्या कोपऱ्यात. एक सुरकुती आहे. मला ती दिसलीच नव्हती, एडिट करताना दिसली, पण काकांना लगेच दिसली. एकोणीस चुका काढल्या, मोजल्यात आम्ही, आणि तो सगळा कोपरा पुन्हा बसवला. आत्या म्हणाली, "दादा, राहू द्या की एवढीशी." काका चुका तोंडातून काढून म्हणाले, "ताई, पाणी इथूनच येईल."

पाण्याची परीक्षा बागेच्या पाइपने, वीस मिनिटं. आत्या आत बसलेली, त्या उजव्या बाजूला, हात खांद्यावर ठेवून. चेहरा बघा.

नंतरचं काकांनी आत्याला समजावून सांगितलं. पंधरा दिवस टप मिटायचा नाही, कापडाला त्या आकाराची सवय होऊ द्यायची. मागची काच प्लास्टिकची आहे, ती कोरड्या फडक्याने पुसायची नाही, ओरखडे पडतात. टप मिटताना घडीत जुना पंचा घालायचा. आणि ओला टप कधीच मिटायचा नाही, आत बुरशी धरते.

काकांचा मुलगा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे, दुकानात शिकणारं दुसरं कोणी नाही, आणि डॉक्टरांनी आत्याला या वर्षापासून गाडी चालवायला मनाई केलीय, त्यामुळे आता स्टिअरिंगवर माझी बहीण बसते.

जुलैचा पहिला मोठा पाऊस, मांडूचा रस्ता. आत्या शेजारच्या सीटवर, टॉवेल घडी करून मागे टाकलेला. इथून पुढे निवेदन नाही, फक्त टपावर पडणाऱ्या पावसाचा आवाज ठेवलाय.