मे महिन्यात टिकेल असं ओव्हरक्लॉकिंग

राम राम मंडळी.

डिसेंबरात ओव्हरक्लॉक केलेला, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवलेला प्रोसेसर चार महिने मस्त चालतो. मग एप्रिल संपता संपता, भर दुपारी तीन वाजता, लग्नाचा व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना मशीन एकाएकी रिस्टार्ट होते. बायोसला, म्हणजे मदरबोर्डमधल्या मूळ सेटिंगला, कोणी हात लावलेला नसतो. मग काहून? उत्तर खोलीतल्या थर्मामीटरवर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

हिवाळ्यात खोली २२ अंश आणि पूर्ण लोडवर प्रोसेसर ७२ अंश, असं समजा. म्हणजे खोलीपेक्षा ५० अंश जास्त. हा फरक प्रोसेसर किती वॅट ओढतो आणि हीटसिंक, म्हणजे त्याच्यावरचा उष्णता ओढणारा धातूच्या पट्ट्यांचा ठोकळा, केवढा आहे यावर ठरतो, आणि उन्हाळ्यातही तो जवळपास तेवढाच राहतो. टिनाच्या छपराखालची खोली मे महिन्यात ४० वर गेली की तोच प्रोसेसर ९० ला पोचतो. एएमडीच्या रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश आहे, तरी घोटाळा त्याच्या आधीच होतो. चिप तापली की तेवढ्याच गिगाहर्ट्झला तिला जास्त व्होल्टेज लागतं, आणि आपण तर हिवाळ्यात पुरेल तेवढंच दिलेलं असतं. पाण्याचं कूलिंग घेतलं तरी हे गणित बदलत नाही. रेडिएटरमधलं पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही.

दुसरं गणित व्होल्टेजचं. उष्णता वाढते ती वेगाच्या पटीत, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. ४.२ गिगाहर्ट्झ १.१५ व्होल्टवर चालत होतं आणि तुम्ही ४.५ साठी १.३० दिलं, तर वेग ७ टक्के वाढला आणि वॅट ३७ टक्क्यांच्या आसपास. चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या ४५-४६ अंशांच्या उन्हात हा सौदा तोट्याचाच आहे. म्हणून आपल्या भागासाठी माझा सल्ला सरळ आहे: आधी व्होल्टेज कमी करायला शिका, वेग आपोआप मिळतो. कसा, ते पुढे सांगतो.

आता खोली. गोंधळ नको म्हणून सांगतो, या व्हिडिओत कुलर म्हणजे खिडकीतला, पाण्याचा. कुलरने खोली ३० च्या आसपास येते, खिडकी-दार थोडं उघडं ठेवलं तर. पण कुलरचा झोत कॅबिनेटवर थेट घेऊ नका. ओलसर हवेत धूळ हीटसिंकच्या पट्ट्यांना चिकटते आणि तिचा नमदा तयार होतो, मग तो ब्लोअरने सुटत नाही. आणि मृग लागला, हवा दमट झाली की कुलरचा उपयोग अर्ध्यावर येतो. खोली ३४-३५ वर अडकून राहते. त्यामुळे जूनचे पहिले पंधरा दिवस कधी कधी नवतपापेक्षाही कठीण जातात.

कापूस वेचणीपासून जिनिंग संपेपर्यंत हवेत तंतू असतात. ते पंखा आणि हीटसिंकच्या मधल्या फटीत जमतात. बाहेरून पंखा स्वच्छ दिसतो, आत मात्र गादी भरलेली असते. त्या काळात दर पंधरा दिवसांनी पंखा काढून पाहा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. कॅबिनेट जमिनीपासून फूटभर वर ठेवा. समोर आत ओढणारे दोन पंखे आणि मागे बाहेर टाकणारा एक, म्हणजे हवा जाळीतूनच आत येते, फटींतून नाही.

[स्क्रीनवर: एसएमपीएसचं लेबल]

आता लाईन. ओव्हरक्लॉकवर जो दोष येतो तो बरेचदा लाईनचा असतो. रब्बीत शेतीपंप सुरू झाले की संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८० वर येतं. तुमच्या एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या, लेबलवर इनपुट २००-२४० लिहिलं असेल, तर लोडवर तो बंद पडणारच. १००-२४० लिहिलेला घ्या. ५६००एक्स आणि मध्यम ग्राफिक्स कार्ड असेल तर चांगल्या दर्जाचा ५५० वॅटचा पुरतो.

घरचा इन्व्हर्टर वापरत असाल तर त्याचा स्विच यूपीएस मोडवर ठेवा. लाईन गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. साध्या मोडवर इन्व्हर्टर त्याहून उशिरा बदलतो आणि मशीन रिस्टार्ट होते. इन्व्हर्टर शक्यतो प्युअर साइन वेव्हचा असू द्या. काही एसएमपीएसना चौकोनी लाट मानवत नाही.

अर्थिंग तपासाच. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कॅपेसिटर अशा वेळी लाईनचं जवळपास निम्मं व्होल्टेज पत्र्यावर आणून ठेवतात. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ मोजा, दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगची पकड सुटते, म्हणून मार्चपासून त्या खड्ड्यात पाणी टाकत राहा.

एवढं झाल्यावरच बायोस उघडायचं. मदरबोर्ड आधी पाहून घ्या. एएमडीमध्ये बी४५०, बी५५०, बी६५० चिपसेटच्या (बोर्डवरच्या मुख्य चिपच्या) मदरबोर्डवर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होतो, ए३२० आणि ए५२० वर होत नाही. इंटेलमध्ये नावात के असलेला प्रोसेसर आणि झेड चिपसेट, दोन्ही लागतात. आणि एक गोष्ट स्वच्छ सांगतो, ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, ती सोय बायोसनेच दिलेली असली तरी. ज्या मशीनवर दुसऱ्यांचे फॉर्म, सातबारा, दाखले निघतात, तिला हे करूच नका. अस्थिर प्रोसेसर नेहमी बंदच पडतो असं नाही, कधी गुपचूप चुकीचा डेटा लिहून ठेवतो.

आपण ५६००एक्स आणि बी५५० धरू. सुरुवात रॅमपासून. एक्सएमपी किंवा डीओसीपी, म्हणजे रॅमची तयार वेगवान सेटिंग, चालू करा, ३२०० वर. हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे, म्हणून प्रोसेसरला हात लावण्याआधी पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमचे चार पास (फेऱ्या) घ्या. एकही चूक आली तर पुढे जायचं नाही. रॅम आणि प्रोसेसर एकदम बदलले तर दोष कुणाचा ते कळत नाही, आणि आठवडा फुकट जातो.

मग प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पीबीओ. प्रोसेसरला मूळ मर्यादेपुढे स्वतःहून वेग वाढवू देणारी ही एएमडीची सोय. तो ॲडव्हान्स्डवर घ्या. या प्रोसेसरच्या मूळ मर्यादा पीपीटी (एकूण वॅट) ७६ वॅट, टीडीसी (सतत चालणारा करंट) ६० अँपिअर आणि ईडीसी (क्षणिक करंट) ९० अँपिअर आहेत. प्रोसेसरसोबत आलेला छोटा हीटसिंक असेल तर त्या तशाच राहू द्या. चार हीटपाइपचा, १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर हीटसिंक असेल तर हिवाळ्यासाठी ९०, ६५, १०० ठेवायला हरकत नाही. त्याच मेनूत थर्मल लिमिट असते, ती ८५ करा. आता प्रोसेसर स्वतःच ८५ ला वेग आवरेल, रिस्टार्ट होणार नाही.

खरी मेहनत कर्व्ह ऑप्टिमायझरची. पीबीओच्या मेनूतली ही सेटिंग प्रत्येक वेगाला लागणारं व्होल्टेज कमी करते. यात प्रत्येक उणे अंकाला साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी होतात. उणे २० म्हणजे ६० ते १०० मिलिव्होल्टची बचत. तेवढी उष्णता वाचते आणि त्याच वॅटमध्ये प्रोसेसर स्वतःहून वर चढतो. सगळ्या कोअरना (प्रोसेसरच्या आतल्या सहा स्वतंत्र भागांना) उणे १० देऊन सुरू करा आणि पाच-पाचने पुढे जा. रायझन मास्टर या एएमडीच्या प्रोग्रॅममध्ये सगळ्यात चांगल्या दोन कोअरवर खूण असते. ते कोअर आधीच कमी व्होल्टेजवर चालतात, म्हणून त्यांना सहसा उणे ५ ते १० च्या पुढे झेपत नाही. बाकीचे उणे २० पर्यंत जातात. सरसकट उणे ३० टाकून कोणी फुशारकी मारत असेल तर त्याने कोणती टेस्ट केली ते आधी विचारा.

टेस्ट दोन तऱ्हेच्या लागतात, आणि बहुतेक लोक एकच करतात. पहिली उष्णतेची: प्राइम९५ प्रोग्रॅम, त्यातली स्मॉल एफएफटी टेस्ट, किमान एक तास, दुपारी, कुलर बंद ठेवून. तापमान दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो प्रोग्रॅम उघडा ठेवा आणि तापमानासोबत खोलीचा आकडाही वहीत लिहा. दुसरी एकेका कोअरची: कोअरसायकलर प्रोग्रॅम, प्रत्येक कोअरला २० मिनिटं, म्हणजे सहा कोअरची एक फेरी दोन तासांची. ही थंडीत, पहाटे करा. गार हवेत प्रोसेसर एकेका कोअरवर जास्त वर बूस्ट होतो, आणि कमी केलेलं व्होल्टेज नेमकं तिथे अपुरं पडतं. म्हणून ठरावीक वेग-व्होल्टेजवर बांधलेली सेटिंग मे महिन्यात पडते, आणि कर्व्ह ऑप्टिमायझरची सेटिंग जानेवारीच्या सकाळी, नुसतं ब्राउझर उघडलेलं असताना पडते.

[स्क्रीनवर: इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टम]

मशीन रिस्टार्ट झाली की लगेच इथे, विंडोजच्या नोंदींत, या. कर्नल-पॉवर ४१ हा मशीन अचानक बंद पडल्याचा संदेश दोन्ही वेळी दिसतो, लाईन गेली तरी आणि प्रोसेसर पडला तरी, त्यामुळे त्यावरून काही ठरवू नका. त्याच्या जोडीला डब्ल्यूएचईए-लॉगर १८, म्हणजे हार्डवेअर चुकल्याची नोंद, असेल तर दोष बहुतेक प्रोसेसरच्या सेटिंगचा. त्यात एपीआयसी आयडी, म्हणजे कोणता कोअर चुकला ते सांगणारा आकडा, दिलेला असतो. ५६००एक्सवर सहसा त्याला दोनने भागलं की कोअर सापडतो: ६ किंवा ७ म्हणजे शून्यापासून मोजून ३ नंबरचा. फक्त त्या कोअरला पाच अंक परत द्या (उणे २० चे उणे १५) आणि पुन्हा टेस्ट लावा. १८ नसेल, आणि त्याच क्षणी घरातला बल्ब लवला असेल, तर आधी लाईन आणि एसएमपीएस पाहा.

जुन्या पद्धतीने सगळे कोअर एकाच वेगावर बांधायचे असतील तर १.२५ व्होल्टपासून सुरू करा आणि १.३ च्या वर जाऊ नका. लोडलाइन कॅलिब्रेशन, म्हणजे लोड आल्यावर व्होल्टेज किती घसरू द्यायचं ती सेटिंग, मधल्या पातळीवर ठेवा. सगळ्यात कडक पातळीवर लोड सुटताना व्होल्टेज क्षणभर उसळतं.

बायोसमध्ये दोन प्रोफाइल सेव्ह करा. एक हिवाळ्याचं. दुसरं उन्हाळ्याचं: ७६-६०-९०, थर्मल लिमिट ८०, कर्व्ह तीच. होळी झाली की दुसरं लावा. स्क्रीनच येत नसेल तर प्लग काढून मदरबोर्डवरच्या क्लिअर सीमॉसच्या दोन पिना दहा सेकंद जोडा. त्याने सेटिंग मूळ पदावर येते. मदरबोर्डवरच्या जुन्या सीआर२०३२ सेलनेही सेटिंग उडते, तोही बदलून पाहा.

आणि प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्ट बदलायला हीटसिंक काढणार असाल तर थंड मशीनवर सरळ वर ओढू नका. ५६००एक्सच्या सॉकेटमध्ये (मदरबोर्डवरच्या प्रोसेसरच्या जागेत) प्रोसेसर हीटसिंकला चिकटून पिनांसकट उपटून येतो. आधी दहा मिनिटं लोड देऊन पेस्ट मऊ करा, मशीन बंद करून प्लग काढा, मग हीटसिंक डावी-उजवीकडे हलका पिळत सोडवा. नवी पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी, मधोमध.