स्टॉकहोम बघायचं तर बोटीतून

नमस्कार मंडळी! आज तुम्हाला स्टॉकहोमला नेते, म्हणजे आम्ही जूनमध्ये जाऊन आलो ना, मी, नवरा, दोन पोरं आणि सासूबाई, त्यातल्या एका दिवसाची गोष्ट.

हे शहर 14 बेटांवर वसलंय. एका बाजूला मेलारेन नावाचं गोड्या पाण्याचं तळं, दुसरीकडे बाल्टिक समुद्र, आणि दोन्ही पाणी शहराच्या मधोमध भेटतं. त्यामुळे इथे टूरिस्ट बसपेक्षा बोट बरी असं माझं स्पष्ट मत आहे. आणि बोट म्हणजे काही महागडी क्रूझ नव्हे हं, स्लुसेनहून युरगॉर्डन बेटावर जी फेरी जाते ना, तिला मेट्रो-बसचंच तिकीट चालतं!

सकाळी आधी गामला स्तान, म्हणजे जुनं गाव. दगडी गल्ल्या, रंगीत उंच घरं, त्यातली एक गल्ली तर जेमतेम 90 सेंटीमीटर रुंद, धाकट्याने दोन्ही हात भिंतींना टेकवले आणि फोटो काढल्याशिवाय हलेचना. राजवाडा बाहेरूनच बघितला, 600 च्या वर खोल्या आहेत म्हणे, सासूबाई म्हणाल्या, "झाडायचं कोणी?"

मग त्याच फेरीने युरगॉर्डनवर, वासा नावाच्या जुन्या जहाजाचं म्युझियम बघायला. मंडळी, बाकी काही सुटलं तरी चालेल, हे सोडू नका. 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट. आत शिरलं की अंधारात अख्खं जहाज उभं, 69 मीटर लांब, कोरीव सिंह, राजे, योद्धे, बघत राहावं असं. स्वीडनचा राजा गुस्ताव दुसरा अडॉल्फ याने हौसेने बांधून घेतलं, 64 तोफा चढवल्या, आणि 10 ऑगस्ट 1628 ला पहिल्याच सफरीत, दीड किलोमीटरसुद्धा गेलं नाही आणि बुडालं! किनाऱ्यावर लोक निरोप द्यायला उभे, त्यांच्या डोळ्यांदेखत. वरचा भार जास्त, वाऱ्याचा झोत आला, जहाज कललं आणि तोफांच्या उघड्या झडपांतून पाणी आत. त्याआधी चाचणी घेतली होती बरं का, तीस माणसं डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवली, जहाज इतकं डोलायला लागलं की चाचणीच बंद केली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मग राजाला सांगितलं का नाही कोणी?" आता राजाला कोण सांगणार, आई! चौकशी झाली, शिक्षा कोणालाच नाही. आपल्याला हे काही फार परकं वाटत नाही.

आणि ते 333 वर्षं टिकलं कसं, तर बाल्टिकचं पाणी कमी खारट, लाकूड पोखरणारा किडा तिथे जगतच नाही. 1961 ला वर काढलं, मग वर्षानुवर्षं रसायनाचे फवारे मारत होते, लाकूड सुकून तडकू नये म्हणून. थोरली, जिला म्युझियम म्हटलं की झोप येते, ती गाइडच्या मागे मागे फिरत होती.

बाहेर आलो तर भुका. तिथे कॉफी-खाण्याच्या सुट्टीला फिका म्हणतात, आम्ही दालचिनीचे बन घेतले, सासूबाईंनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "ह्यात वेलची आहे!" आणि होतीच, पिठातच घालतात, म्हणून मग त्यांनी दुसराही मागवला. पैसे मात्र कार्डनेच, नोटा बऱ्याच ठिकाणी घेतच नाहीत. पाणी विकत घेऊ नका, नळाचं मस्त आहे.

शेजारी स्कॅन्सन आहे, 1891 चं, जुनी घरं आणून वसवलेलं उघड्यावरचं म्युझियम, पण ते आम्ही मुद्दाम सोडलं. त्याला वेगळा दिवसच द्या, लहान मुलं असतील तर नक्कीच, कारण तिथे अस्वलंही आहेत.

संध्याकाळी मोंतेलियसवेगेन या टेकडीवरच्या वाटेवर बसलो, समोर पाणी आणि पलीकडे नोबेलची मेजवानी होते तो सिटी हॉल. घड्याळात साडेनऊ, तरी अजून ऊन! पोरं म्हणे अजून दिवस आहे, झोपायचं कशाला. तेव्हा जूनमध्ये जाणार असाल तर हॉटेलवाल्याला आधी एकच विचारा, खोलीला जाड पडदे आहेत ना?