२७ मतं जिंकली, ३३ हरली

श्रोतेहो, नमस्कार. १० जून २०२२ला महाराष्ट्रातून राज्यसभेच्या ६ जागांसाठी ७ उमेदवार उभे होते. पहिल्या पसंतीची ३३ मतं घेणारे शिवसेनेचे संजय पवार पडले आणि २७ मतं घेणारे भाजपचे धनंजय महाडिक निवडून आले. हे कसं झालं? कागद-पेन्सिल घ्या, सोबतच मांडूया.

इथे मतदार म्हणजे निवडून आलेले आमदार. ते उमेदवारांच्या नावापुढे पसंतीनुसार १, २, ३ असे आकडे लिहितात. त्या दिवशी २८५ जणांनी मत दिलं. एकाच्या मतपत्रिका दाखवण्याच्या पद्धतीवर आक्षेप आला, मोजणी रात्री उशिरापर्यंत रखडली आणि आयोगानं ते मत बाद ठरवलं. उरली २८४. प्रत्येक पत्रिकेची किंमत १००, म्हणजे एकूण २८,४००. जागा ६, म्हणून ७नं भागायचं, बाकी सोडायची, १ मिळवायचा. हा झाला कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारा आकडा: ४०५८. ते मत बाद झालं नसतं तर कोटा ४०७२ असता.

आता भाजपचेच पीयूष गोयल यांची ४८ मतं, म्हणजे ४८००. कोट्यावर ७४२ शिल्लक. ती वाया जात नाही, त्याच ४८ पत्रिकांवर वाटली जाते: प्रत्येकी १५, अपूर्णांक सोडून. पत्रिकेवर ज्याच्या नावापुढे २ लिहिलंय, त्याच्या खात्यात ते १५ जातात. सगळ्यांनी एकालाच २ दिलं तर ७२०. भाजपच्याच अनिल बोंडे यांचीही ४८ मतं, तिथून आणखी ७२०. महाडिकांचे स्वतःचे २७०० धरा, बेरीज ४१४०. कोटा पार! म्हणून कुणी कुणाला २ लिहायचं हे आधीच काटेकोर ठरवून, आमदारांकडून पाठ करून घ्यावं लागतं.

चुका मात्र साध्या असतात. पसंती आकड्यातच लिहायची. 'एक' असं अक्षरी लिहिलं किंवा बरोबरची खूण केली की मत बाद. दोघांपुढे १ लिहिलं तरी बाद. पेन तिथे दिलेलं जांभळं स्केचपेनच. पत्रिका फक्त आपल्या पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवायची, अपक्षानं कुणालाच नाही.

मुदतीआधी रिकाम्या झालेल्या जागांचं गणित निराळं. प्रत्येक जागेची निवडणूक स्वतंत्र, त्यामुळे निम्म्याहून एक जास्त मत लागतं. २०१९मध्ये अमित शहा आणि स्मृती इराणी लोकसभेत गेल्यावर गुजरातच्या दोन्ही जागा अशाच वेगवेगळ्या लढवल्या गेल्या आणि दोन्ही भाजपकडे गेल्या. एकत्र झाल्या असत्या तर एक तृतीयांशाहून थोड्या जास्त मतांवर एक जागा काँग्रेसला मिळवता आली असती. नियम तसा आहे खरा, पण छोट्या पक्षाची त्यात कोंडी होते, हे आम्हाला पटत नाही.