पायाच्या शिरांना रंगीत टेप लावावी का?

राम राम मंडळी. जळगावच्या सोन्याच्या दुकानात काउंटरमागे दिवसभर उभ्या राहणाऱ्या ताई, रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणारे भाऊ, शाळेतले सर. दिवेलागणीला सगळ्यांची तक्रार एकच, "पाय जड पडलेत." मोजा काढला की घोट्यावर खोल वळ, पोटरीवर निळ्या वळवळीत शिरा. मग कोणीतरी सुचवतं, खेळाडू लावतात ती रंगीत पट्टी लावून बघा.

पट्टीकडे येऊच, आधी शिरा समजून घ्या. पायातलं रक्त वर चढवायचं काम पोटरी करते. चालताना तिचा स्नायू आवळतो, शीर दाबली जाते, रक्त वर सरकतं आणि शिरेतल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. नुसतं उभं राहिलं तर घोट्याजवळ शिरेतला दाब साधारण 90 मिलिमीटर पारा असतो. धडधाकट पायात थोडं चाललं की तो 30च्या आसपास येतो. झडपा सैल पडल्या की तो हवा तेवढा उतरत नाही, रक्त तुंबतं. मग सूज, खाज, रात्री पोटरीत गोळे. दुर्लक्ष केलं तर घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट पडते आणि तिथे महिनोन्‌महिने न भरणारी जखम होऊ शकते.

(पट्टी कॅमेऱ्याजवळ धरून ताणतो)

ही बघा. सुती कापड, आत इलास्टिकचा धागा, मागे नागमोडी रेघांत गोंद. औषध काहीच नाही. जपानच्या केन्झो कासे यांनी 1970च्या दशकात ही पद्धत काढली. पट्टी कातडी किंचित उचलते आणि खाली साचलेल्या पाण्याला वाट मिळते, असं सांगतात. तो दावा आहे, पुरता सिद्ध झालेला नाही.

स्पेनमध्ये पाळी गेलेल्या बायकांवर याचे अभ्यास झाले, 2013 आणि 2014 मध्ये ते छापून आले. शिरांचा त्रास सौम्य ते मध्यम होता. दुखणं, जडपणा कमी झाला. पण सूज खरंच उतरते का, हे 2013च्या अभ्यासात नक्की ठरलं नाही. आणि दुखणं कमी होण्यात मनाच्या विश्वासाचाही वाटा असावा, असं संशोधकांनीच लिहिलं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: टेपने आराम पडू शकतो, बिघडलेली झडप दुरुस्त होत नाही.

आपल्याकडे खरी अडचण उन्हाची. मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळिशीला टेकतो, उष्णतेने शिरा आणखी फुगतात, आणि शिरांच्या त्रासावर डॉक्टर देतात ते पाय घट्ट आवळणारे दाबाचे मोजे नेमके तेव्हाच नकोसे होतात. म्हणून लोक मोजे फेकून टेपवर येतात. तसं करू नका. सूज आटोक्यात ठेवायला मोज्यांचा दाबच कामाचा. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी, सूज नसताना चढवा, रात्री काढा. फार उकडत असेल तर गुडघ्यापर्यंतचे, बोटं उघडी राहणारे मोजे मिळतात, ते डॉक्टरांना विचारा. मात्र मधुमेह असेल किंवा चालताना पोटऱ्या भरून येत असतील, तर आधी धमन्यांची तपासणी करून घ्या. रक्त मुळात कमी पोचणाऱ्या पायाला घट्ट मोजा घातक ठरतो.

टेप लावायचीच असेल तर पहिल्यांदा फिजिओकडूनच. पाय धुऊन कोरडा, तेल नाही. पट्टीचे कोपरे गोल कापायचे, नाहीतर पायजम्याला अडकून उखडतात. दोन्ही टोकं न ताणता चिकटवायची, वरून हात चोळायचा, उबेने गोंद धरतो. काढताना ओढू नका; खोबरेल तेल लावा, कातडी एका हाताने दाबून हळूहळू सोडवा. खाज सुटली की लगेच काढा. काळपट, सोललेल्या कातडीवर किंवा जखमेवर कधीच नाही.

उभ्याचं काम असेल त्यांनी काउंटरमागेच टाचा वर-खाली करत राहा. पोटरीचा पंप चालू राहतो, पैसाही लागत नाही.

आणि एकच पाय अचानक सुजला, गरम लागला, पोटरी दुखू लागली, तर टेप लावत बसू नका. शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. त्याच दिवशी डॉप्लर सोनोग्राफी (शिरेतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी तपासणी) करून घ्या, आणि सोबत धाप लागली तर थेट इमर्जन्सीत जा.