पुस्तकातून मान वर

पंचवटीतली मराठी माध्यमाची शाळा. सातवीचा वर्ग, इंग्रजीचा तास. मॅडम म्हणतात, "चला, पहिल्या बाकापासून." एकेक मूल उभं राहतं, चार ओळी वाचतं, खाली बसतं.

आत्ता वाचणाऱ्याकडे बघू नका. तिसऱ्या बाकावरची मुलगी बघा. आपल्या वाट्याला कुठल्या ओळी येणार, हे तिनं बोटानं मोजून काढलंय आणि ओठांतल्या ओठांत ती तेवढ्याच घोकतेय. आधीच्यांनी काय वाचलं, याकडे तिचं लक्षच नाही. पाळी येते. 'आयलंड'ला ती 'इसलंड' म्हणते. वर्ग हसतो. पुढचं ती इतकं हळू वाचते, की मॅडमनाही ऐकू जात नाही.

यात तिचा काय दोष? मराठी बहुतेक जसं लिहिलं तसं वाचता येतं. इंग्रजीत 'लिसन'मधला टी, 'आयलंड'मधला एस नुसता लिहायचा. हे आधी कानावर पडावं लागतं. वडील मार्केट यार्डात, आई बागेत द्राक्षं काढायला, घरात बोलणं अहिराणीत. मग इंग्रजी कानावर पडणार कुठे? वर्गातच. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, पण पुस्तक हातात आलं म्हणून भाषा कानात जात नाही.

म्हणून प्रकट वाचन हवंच. फक्त त्याची जागा बदलायला हवी. आधी शिक्षकांनी मोठ्यानं, रंगवून वाचावं. मग मुलांनी मनात वाचावं. अर्थाबद्दल बोलावं, मराठीतही चालेल. मुलांचं मोठ्यानं वाचणं त्यानंतर.

एकेकाळी ढाक्यात काम केलेले शिक्षणतज्ज्ञ मायकेल वेस्ट यांनी भरगच्च वर्गांसाठी एक साधी रीत सांगितली होती. शेजारच्या वर्गात ती चालू आहे. दोन मुली समोरासमोर. एकीनं वाक्याचा तुकडा डोळ्यांखालून घातला, मान वर केली आणि मैत्रिणीकडे बघून तो म्हटला. नजर पुस्तकात असेल तोवर तोंड बंद. विसरली, तर पुन्हा बघायला मुभा. तुकडा डोक्यात राहायचा तर तो समजावाच लागतो, सगळी मेख इथे आहे. शिवाय अख्खा वर्ग एकाच वेळी बोलतो, पाळीची धास्ती कुणालाच नाही. गलका होतो. होऊ द्यावा.

एक पथ्य मात्र शिक्षकांनी कटाक्षानं पाळावं. मूल वाचत असताना मध्येच तोडू नये. चुकलेले शब्द टिपून ठेवावेत आणि शेवटी फळ्यावर लिहून सगळ्या वर्गाकडून म्हणवून घ्यावेत, कुणाचंही नाव न घेता.