शिडी आणि लाल वायर

टेबलावरची ही शिडी जवळून बघा. हा सिंथेसायझरचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्याचा फिल्टर, आवाजातला वरचा भाग गाळणारा. ट्रान्झिस्टरच्या जोड्या एकावर एक बसवल्यात. सगळ्यात खालची जोडी आवाज आत घेते. तिच्यावरच्या चार जोड्यांत प्रत्येकी एक कपॅसिटर आडवा टाकलाय, त्या चार पायऱ्या. अमेरिकेत सिंथेसायझर बनवणाऱ्या रॉबर्ट मूग यांनी या मांडणीच्या पेटंटसाठी 1966 साली अर्ज केला, पेटंट 1969 मध्ये मिळालं.

हा काळा नॉब फिरवतोय. ऐका.

(फक्त आवाज)

नॉबनं शिडीतला करंट तेवढा बदलला. ट्रान्झिस्टरच्या एमिटरला, म्हणजे त्याच्या एका पायाला, स्वतःचा रोध असतो, एक मिलिअँपला साधारण 26 ओहम. करंट निम्मा केला की रोध दुप्पट होतो आणि कटऑफ फ्रिक्वेन्सी, म्हणजे जिथून वरचा आवाज गाळला जातो ती जागा, एक सप्तक खाली येते. म्हणूनच हा फिल्टर नुसत्या व्होल्टेजवर हलवता येतो, नॉबला हात न लावता.

आता ही लाल वायर. आउटपुट उलटं करून परत आत सोडणारी. फीडबॅक.

स्कोपवर, म्हणजे लहरी दाखवणाऱ्या पडद्यावर, पिवळी रेषा आत जाणारी, निळी बाहेर येणारी. कटऑफवर प्रत्येक पायरी लहर 45 अंश मागे ढकलते आणि तिची उंची 0.7 पट करते. चार पायऱ्यांनंतर लहर 180 अंश मागे, म्हणजे बरोबर उलटी, आणि उंचीला पाव. तिलाच आपण पुन्हा उलटवतो. उलट्याचं सुलट झालं, आता कमी आहे ती फक्त उंची. फीडबॅक दुप्पट करतोय... तिप्पट... कटऑफपाशी टेकाड कसं उभं राहतंय बघा.

चौपट. इनपुटची वायर काढली.

(शिट्टी)

आत काहीच जात नाहीये, तरी साइन वेव्ह चालू आहे.

कॉलेजात हे आम्ही बोड प्लॉट, म्हणजे फ्रिक्वेन्सीनुसार उंची आणि कोन दाखवणारे आलेख, काढून पाठ केलं. पाव गुणिले चार, बरोबर एक. परीक्षेत मार्कही मिळाले. पण हा सूर तेव्हा कुणी ऐकवला नाही. पहिल्याच तासाला ऐकवायला हवा होता. चार कपॅसिटर आणि मूठभर ट्रान्झिस्टर, एवढं तर कुठल्याही प्रयोगशाळेत असतं.

फीडबॅक वाढवला की खर्ज पातळ होतो, हेही खरं. 1970 च्या मिनिमूग सिंथेसायझरमध्ये हीच शिडी होती.

आता गरम सोल्डरिंग आयर्न शिडीजवळ नेलंय, टेकवलेलं नाही. ट्यूनरचा काटा बघा. ट्रान्झिस्टर तापले, रोध वाढला, सूर उतरतोय.

(काटा सरकत राहतो)